आत्याची सही

सकाळी उठल्यावर आपलाच एक हात आपला वाटत नाही, असं तुमचं कधी झालंय? रात्रभर तो अंगाखाली दबलेला असतो. चिमटा काढला तरी कळत नाही, उचलला तर ओल्या टॉवेलसारखा लोंबतो. थोड्या वेळानं मुंग्या येतात आणि मग आपण घर डोक्यावर घेतो. पण मुंग्या यायच्या आधीची ती दोन मिनिटं आठवून पाहा. आता असं धरून चला, की नुसता हातच नाही, अकरा वर्षांची एक अख्खी मुलगी तशी झाली आहे. आणि दोन मिनिटं नाही, नऊ दिवस.

घरात तिला धाकटी म्हणत. तिची आत्या वारली त्याला नऊ दिवस झाले होते. बाबा रडले, आईचे डोळे सुजले, काका तर भिंतीला डोकं टेकून हमसून हमसून रडला. धाकटी रडली नाही. तिनं दप्तर भरलं, शाळेत गेली, गणितं सोडवली आणि ती सगळी बरोबरही आली. एके दिवशी आई भाजीत मीठ घालायला विसरली. सगळ्यांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं. धाकटीनं पान स्वच्छ केलं.

"पोरगी दगड झालीये," काका कुजबुजला.

"असू दे," आई म्हणाली. "रडू ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या वेळेला येतं."

आत्या म्हणजे बाबांची आणि काकाची थोरली बहीण. चाळीस वर्षं तिनं शिलाई मशीनं दुरुस्त केली. घराची रस्त्याकडची खोली हेच तिचं दुकान. टेबलावर लांब चोचीची तेलाची बुधली, डब्यात बॉबिनी आणि समोर पोटातलं सगळं बाहेर काढलेलं कुणाचं तरी मशीन. "मशीन आपणहून कधी बिघडत नाही गं," ती म्हणायची. "माणसं त्याच्याशी वाकड्यात शिरतात आणि नाव सुईचं होतं." कुठल्या घरातून कसं मशीन आलं, ते का अडलं होतं आणि त्या घरात काय अडलं होतं, हे तिला एकेक करून पाठ होतं. त्याचं पुस्तक करायचं तिनं मनावर घेतलं आणि नेमके तेव्हाच तिचे हात थरथरायला लागले. सुईत दोरा ओवता येईना, तिथं पेन काय धरणार?

मग आत्या सांगायची आणि धाकटी लिहायची. दोन वर्षं, शाळा सुटल्यावर रोज तासभर. "या कारकूनबाई," आत्या स्टूल पुढे सरकवायची, "घ्या लिहून. आणि माझी वाक्यं सुधारू नका, मी शाळेत नाही."

काकाचा छोटा छापखाना होता. त्यानं तीनशे प्रती छापल्या. पुस्तकाचं नाव ठेवलं 'मशीन अडतं तेव्हा'. ऐंशी प्रती कशाबशा खपल्या. उरलेल्या दोनशे वीस आत्याच्या पलंगाखाली गेल्या. "विद्वान लोक पुस्तकं डोक्यात ठेवतात," आत्या म्हणे, "मी पाठीखाली ठेवते." पण हसून झालं की ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायची, "माझं पुस्तक या पलंगाखालून बाहेर पडलं पाहिजे. बाकी मला काही नको."

त्या प्रदेशात दरवर्षी पुस्तकांना पुरस्कार देत. कविता, कादंबरी, कथा, नाटक, ललित, चरित्र आणि बालसाहित्य असे सात विभाग. ज्याला पुरस्कार मिळे ते पुस्तक पुन्हा छापून तिथल्या प्रत्येक वाचनालयात आणि प्रत्येक शाळेत जाई. आत्यानं पाच प्रती पाठवल्या. पुरस्काराच्या कार्यालयानं पत्रानं विचारलं, आपलं पुस्तक नेमकं कोणत्या विभागात धरावं? आत्यानं उत्तर सांगितलं, "जिथं रांग लहान असेल तिथं उभं करा. कवितेत नको, तिथं चेंगराचेंगरी असते." धाकटीनं तसंच्या तसं लिहिलं आणि खाली सही केली.

हो, सहीसुद्धा तीच करायची. आत्याची जुनी सही सुटलेल्या दोऱ्यासारखी होती, शेपूट पार कागदाच्या कडेपर्यंत. धाकटीला ती जमेना. "मग तुला जमते तशी ठोक," आत्या म्हणाली. "मी सांगितली म्हणजे माझीच." धाकटीनं एक गोल, नेटकी सही बनवली. दोन वर्षांत आत्याच्या प्रत्येक कागदावर तीच गेली.

तर त्या नवव्या दिवशी पत्र आलं. बाबांनी उभ्यानंच फोडलं, वाचलं आणि खुर्चीत बसले. ललित विभागात आत्याच्या पुस्तकाची निवड झाली होती. सोबत एक स्वीकृतिपत्र होतं. लेखकानं त्यावर सही करून आठ तारखेच्या आत द्यायचं, दहा तारखेला निकाल जाहीर होणार. खाली बारीक अक्षरात नियम छापले होते. बाबांनी चौथा मोठ्यानं वाचला, "निकाल जाहीर होण्याच्या दिवशी लेखक हयात असला पाहिजे. तसे नसल्यास त्या विभागातील दुसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकाला पुरस्कार दिला जाईल."

मग काका उठला, दार लावून आला.

"दादा, त्यांना कुणी कळवलंय?"

"कोण कळवणार?"

"मग झालं तर. सही करू, देऊन टाकू. समारंभाला प्रकृती ठीक नाही म्हणायचं. एकदा पुस्तक शाळांत पोचलं की सांगू काय ते."

"अरे, पण ही खोटी सही..."

"खोटी कशी?" काका चवताळला. "त्यांच्याकडे जी सही आहे ती ताईची होतीच कधी? ती धाकटीची. आज ताई स्वर्गातून उतरली आणि स्वतः सही केली, तर ते म्हणतील, बाई, ही जुळत नाही!"

बाबांना हसू आलं आणि पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. आई म्हणाली, "तिला यात ओढू नका. लहान आहे ती." पण तोवर धाकटीनं पेनचं टोपण काढलं होतं. कुणी सांगितलं तर ती ते करत होती. ऊठ म्हटलं की उठायची, जेव म्हटलं की जेवायची. तिनं चौकटीत सही केली. गोल, नेटकी. तिला काहीच वाटलं नाही. रेघ मारावी तसं.

दुसऱ्या दिवशी बाबा तिला घेऊन कार्यालयात गेले. तिला का नेलं कोण जाणे. एकट्याला धीर होत नसावा.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. लांबट खोली, भिंतीला लोखंडी मांडण्या आणि प्रत्येक मांडणीवर विभागाच्या नावाची चिठ्ठी. कवितेची मांडणी मधोमध वाकली होती. ललितची अर्धीच भरलेली. टेबलापाशी चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई होत्या. त्यांनी कागद घेतला, फाइल उघडली आणि आत्याचं जुनं पत्र शेजारी ठेवून दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं.

"तंतोतंत," त्या म्हणाल्या. "बहात्तराव्या वर्षी एवढा स्थिर हात! आणि काय पत्रं लिहितात हो. ती चेंगराचेंगरी वाचून आम्ही दोन दिवस हसत होतो. मला त्यांना एकदा बघायचंय. कशा आहेत?"

बाबांनी घसा साफ केला.

"बरी आहे."

धाकटीनं वर पाहिलं. बाबांनी हे दोन शब्द आठवडाभर रुग्णालयाच्या दाराशी तिला रोज सांगितले होते. अगदी याच आवाजात. शेवटच्या दिवशीही.

"येतील ना समारंभाला?"

"बघू. प्रकृती जरा..."

"त्यांना म्हणावं, खुर्चीतून आणायची सोय करू. मी स्वतः येते घ्यायला."

बाबा मान हलवत राहिले. बाईंनी शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला. तेवढ्यात धाकटीनं हात पुढे करून तो कागद आपल्याकडे ओढला.

"काय गं, काही राहिलं का?"

"हो," धाकटी म्हणाली. नऊ-दहा दिवसांत तिनं आपणहून बोललेला तो पहिला शब्द. टेबलावर दोरीला बांधलेलं पेन होतं. दोरी पुरेना म्हणून ती उभी राहिली आणि सहीच्या खाली लिहू लागली. कुणी सांगत नव्हतं, म्हणून दर शब्दाला थांबावं लागत होतं. *आत्या अठ्ठावीस तारखेला वारली. वरची सही मी केली आहे. आधीच्या सह्या पण मीच केल्या, पण त्या तिनं सांगितल्या होत्या. ही तिनं सांगितलेली नाही.*

तिनं कागद फिरवून बाईंसमोर ठेवला.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढून दोनदा वाचला. शिक्का परत डबीत ठेवला.

"लहान आहे हो ती," बाबा म्हणाले, "तिला काही कळत..." आणि तिथंच थांबले. मग खाली बघत म्हणाले, "तिचं बरोबर आहे. चूक माझी."

"नियम मी केलेले नाहीत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण पाळायला मीच बसलेय. आता दुसरं पुस्तक."

"म्हणजे आमचं पलंगाखालीच," बाबा पुटपुटले.

बाईंनी आत्याच्या पाच प्रती मांडणीतून काढून दोरीनं बांधल्या, बाबांच्या हातात दिल्या. बाबा त्या छातीशी धरून उभे राहिले.

"ते दुसरं कुठलं?" धाकटीनं विचारलं.

"दहा तारखेपर्यंत सांगायचं नसतं, बाळ."

धाकटी ललितच्या मांडणीपाशी गेली आणि बाईंकडे बघत उभी राहिली. बाईंनी तोंडानं काही सांगितलं नाही. नुसतं दुसऱ्या कप्प्याकडे पाहिलं, मग फाइलमध्ये मान घातली. तिथं वेगळं काढून ठेवलेलं निळ्या पुठ्ठ्याचं एक बारीक पुस्तक होतं. तीस वर्षं टपाल वाटलेल्या एका माणसानं वाटेत भेटलेल्या कुत्र्यांवर लिहिलेलं.

ती ते घेऊन खिडकीखालच्या बाकावर बसली. पहिल्या पानावर टपालवाल्याच्या पायजम्याची गोष्ट होती, ती विनोदी असावी. तिला हसू आलं नाही, पण कळलं, की इथं हसायचं असतं.

"चल," बाबा दारातून म्हणाले.

"थांबा," धाकटी म्हणाली, "मला बघायचंय कसं आहे." तिनं बोटाला थुंकी लावली, पान उलटलं आणि पुढे वाचू लागली.