घोड्यापुढची चाल

योगेंद्रनं आपल्या अल्बमला नाव दिलं, 'सात पिढ्यांचा सूर'. शिळफाट्यावरच्या आपल्या पोळी-भाजी केंद्रात कणीक मळता मळता नंदाआत्यानं ते ऐकलं आणि नाक मुरडलं. सात पिढ्या म्हणे. या घरात पणज्याचं नाव विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, आणि हा निघाला सात पिढ्यांचे सूर लावायला. तिच्या बाबांच्या आधी या घराण्यात कुणी आवाज चढवला असेल तर तो बांधावरच्या भांडणात.

पण भाचा परदेशात संगीत शिकून आलेला, त्याला कोण सांगणार? त्यानं तिथंच आपल्या मोबाइलवर तिला एक गाणं ऐकवलं. ढीगभर व्हायोलिनं एकदम रडायला लागली, मागून ढोल आले, आणि मग कुणी बाई 'मातीऽऽ, मातीऽऽ' करत राहिली. हे भातलावणीचं गाणं होतं. लावणीला आलेली बाई असं कण्हत बसली तर संध्याकाळपर्यंत एक खाचर लागायचं नाही, असं आत्याच्या मनात आलं. तोंडानं ती म्हणाली, "बरंय."

"आत्या, मी आपली मुळं शोधतोय."

"शोध की रं. मुळं कुटं पळून चाललीत?"

त्याच दिवशी तिनं ट्रंकेतून एक जुनी कॅसेट काढून त्याच्या हातावर ठेवली. "घरातलीच हाय," एवढंच म्हणाली. कॅसेटवर नुसतं एक क्लॅरिनेट होतं आणि एकच चाल. योगेंद्र त्या चालीनं वेडा झाला आणि कॅसेट घेऊन थेट बापाकडं गेला.

बाप म्हणजे दत्ता, नंदाचा धाकटा भाऊ. जमिनींच्या दलालीवर कर्जतला बंगला, लोधिवलीला फार्महाऊस, बोटाबोटांत अंगठ्या. त्यानं कॅसेट ऐकली आणि बेधडक सांगून टाकलं, "ही आपल्या पूर्वजांची पालखीची चाल. आपल्याकडं एक बँडवाला असायचा, तो वाजवायचा." झालं. पोरानं अल्बमचा शेवटच तिच्यावर रचला आणि नाव दिलं, 'पूर्वजांची पालखी'. हे कानावर आलं तेव्हा आत्याची पोळी तव्यावर करपली.

तो बँडवाला म्हणजे गजा, या दोघा भावंडांचा सख्खा बाप. पावसाळ्यात भात पिकवायचा आणि लग्नसराईत खोपोलीच्या एका बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, पितळी बटणं. दत्ताचं कर्जतच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी जमलं तेव्हा गजा इतका हरखला की लेकाच्या वरातीसाठी त्यानं स्वतः नवी चाल बांधली. घरात उठता-बसता तीच. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी दत्ता समोर येऊन उभा राहिला, खाली मान घालून. "बाबा, मी तिकडं सांगितलंय, वडील वारले म्हणून. मांडवात काका बसतील. तुमी बँडातच ऱ्हावा."

गजा राहिला. पोराच्या घोड्यापुढं तीच चाल वाजवत मांडवाच्या दारापर्यंत गेला, बँडवाल्यांच्या पंगतीत जेवला आणि घरी आला. पुढं तो नंदाकडंच राहिला आणि योगेंद्र जन्मायच्या आधी तिथंच वारला. पोराचा संसार मोडू नकोस, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं त्यानं. तिनं ते पाळलं. पण तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिनं कधी सोडली नाही. दत्तानं एकदा, चारचौघांत, 'हा माझा बाप' म्हणावं. तिनं सांगून काय होणार? ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

मग योगेंद्रला प्रकाशनाच्या दिवशी स्टेजवर आत्याच्या ट्रंकेतलं ते जुनं क्लॅरिनेट हवं झालं. त्याचे बाबा सहावी पिढी म्हणून ते हातात घेऊन उभे राहणार होते.

"ने की," आत्या म्हणाली. "पर बँडवाल्यांचा नेम हाय. ह्यो लाल कोट अंगात असल्याबिगर क्लॅरिनेटला हात लावायचा नाय. तुझ्या बापाला कोट घालावा लागंल."

"वा, व्हिंटेज," योगेंद्र खूश झाला. त्याला कुणाच्या मयतावरचं पांघरूण दाखवलं असतं तरी तो हेच म्हणाला असता.

संध्याकाळी दत्ताचा फोन आला. "ताय, हे काय नवीन काढलंस गं?"

"तुला नको तर ऱ्हाऊ दे."

"पोरानं सगळीकडं छापलंय."

"मंग घाल," म्हणून तिनं फोन ठेवला.

कार्यक्रम कर्जतच्या एका मंगल कार्यालयात झाला. खुर्च्यांना पांढरे झगे, पाहुण्यांना फेटे. पडद्यावर पूर्वजांचे फोटो सरकत होते, त्यातला एकही आपल्या घरातला नाही हे आत्यानं बघताक्षणी ओळखलं. मिशा चांगल्या होत्या म्हणून घेतले असावेत. लोक मात्र भारावून बघत होते, एक बाई तर डोळे पुसत होती. कुणाच्या आज्यासाठी रडत होती, तिचं तिला ठाऊक.

दत्ता कोट घालून स्टेजवर आला. आत्याला वाटलं होतं, ढेरीवर बटणं लागायची नाहीत, जरा शोभा होईल. पण कोट त्याला अंगाबरोबर बसला. तिचा बाबाच उभा असल्यासारखं दिसलं आणि तिचा संताप आणखीच वाढला.

"दत्ताजी," समिधा नावाच्या निवेदिकेनं माइक पुढं केला, "हा इतका देखणा कोट कुणाचा?"

मागं रेकॉर्डवर व्हायोलिनं तीच चाल आळवत होती. दत्तानं खाली बसलेल्या बहिणीकडं पाहिलं, मग पुढच्या रांगेतल्या सासरच्या मंडळींकडं पाहिलं, आणि हसला. "आमच्याकडं एक बँडवाला असायचा. त्याचा."

आत्या उठली. कोट अंगातून उतरवून घ्यायचा आणि घर गाठायचं, दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. ती पायरीपर्यंत पोचते न पोचते तोच दत्ताची बायको विमलबाई, जी स्टेजवर त्याच्या शेजारी बसली होती आणि जिनं जन्मात नवऱ्याचा शब्द खोडला नव्हता, तिनं माइक आपल्याकडं ओढला.

"अहो, पुरे झालं आता," ती साध्या आवाजात म्हणाली. "मामंजींचा कोट आहे तो. आपल्या लग्नात घोड्यापुढं तेच वाजवत होते. आमच्याकडच्यांनी तेव्हाच ओळखलं होतं, चेहरा काय लपतो? माझे वडील व्याहीभेटीचा नारळ घेऊन मांडवाच्या दारात ताटकळले होते. म्हणत होते, जावयानं नुसतं बोट दाखवावं, मी त्या माणसाची गळाभेट घेतो. तुम्ही दाखवलंच नाहीत. शेवटी तो नारळ तुमच्या काकांना दिला."

व्हायोलिनं रडतच होती. ज्यांच्या धाकानं दत्तानं जिवंत बापाला मेलेला सांगितलं, ती माणसं पुढच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. दत्ताचे ओठ हलले, पण माइक बायकोच्या हातात होता आणि वर तो सगळा वाद्यांचा गलका. काही ऐकू आलं नाही.

"बाबा, काय म्हणालात?" योगेंद्र पुढं झाला.

"ते रडगाणं बंद कर आधी," आत्या त्याला म्हणाली.

योगेंद्रनं साउंडवाल्याला हात केला. सात पिढ्या खटकन थांबल्या. पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली.

"आता म्हण, दत्ता."

दत्तानं गळ्यापाशी एक पितळी बटण चाचपलं. "माझ्या बापाचा हाय," तो पुटपुटला.

"मोट्यानं म्हण," आत्या म्हणाली. "बँडात वाजवून वाजवून कान गेले व्हते त्याचे."