मनिषाचा भाऊ

माझ्या बहिणीच्या मुलाने, अपूर्वने, स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा नवीन पनवेलमधल्या त्यांच्या सोसायटीने त्याचं कारण फार तत्परतेने शोधून काढलं. फक्त ते अपूर्वला विचारायचं राहून गेलं.

तो वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, की याला मुंबईला मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, लवकर दाखवा. माझे मेहुणे प्रभाकरराव बँकेत अधिकारी. त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले आणि जिन्यात मला म्हणाले, "वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे! उद्या याच्या बहिणीचं, मितालीचं लग्न जमवायचंय. मुलाकडचे पहिल्यांदा भावाचीच चौकशी करतात."

मिताली तेव्हा नववीत होती. पण प्रभाकरराव दूरदृष्टीचे.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकरराव शहाळी घेऊन भेटायला आले. अपूर्व आतल्या खोलीत पडला होता. दार उघडंच होतं, त्यामुळे कमळाकररावांनी आवाज खाली आणला आणि तो सगळ्या घरात नीट ऐकू जाऊ लागला.

"याच्या दोस्ताचा, हितेशचा साखरपुडा रविवारी झाला. बरोबर? सोमवारपासून अपूर्व जेवत नव्हता. बरोबर? गुरुवारी हे असं. आता सांगा, हितेशची होणारी बायको कोण? नेरे गावची मनिषा."

"मग?" माझी बहीण अरुंधती म्हणाली.

"मग काय, वहिनी! पोरगा तिच्यात गुंतलाय."

मी रसायनीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. निरीक्षणं सगळी अचूक आणि निष्कर्ष साफ चुकीचा, असं आमच्याकडेही होतं. पण आमच्याकडे निदान प्रयोग पुन्हा करून बघतात.

खरी गोष्ट मला दवाखान्यातच कळली होती. सलाइन चालू असताना अपूर्व छताकडे बघत म्हणाला होता, "मावशी, हितेशला काही सांगू नकोस. त्याची काही चूक नाही. मलाच तो आवडतो. तसा. कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हटलं.

"आणि आईला सांगू नकोस."

मी कबूल केलं. त्या क्षणी त्याला हवं ते कबूल करणं मला योग्य वाटलं.

हितेश जवळच्याच विचुंबे गावचा. त्याचे वडील तुळशीरामशेठ यांचे न्हावा शेवा बंदरावर ट्रेलर चालत. दोघं पोरं एकाच कॉलेजात. रोज सकाळी हितेशची मोटारसायकल इमारतीखाली हॉर्न वाजवायची आणि अपूर्व पोळी तोंडात घेऊनच खाली पळायचा. संध्याकाळी दोघं गच्चीवर अभ्यास करायचे, कधी तिथेच झोपायचे. गळ्यात हात घालून बाजारातून फिरायचे. सगळी सोसायटी कौतुक करायची, "मैत्री असावी तर अशी!" मागच्या सीटवर एखादी मुलगी दिसली असती, तर त्याच संध्याकाळी कमिटीची तातडीची सभा भरली असती.

कमळाकररावांचा सिद्धान्त जिन्यावरून खाली उतरला आणि आठवडा सरायच्या आत विचुंब्याला पोचला. तुळशीरामशेठ स्वतः आले. गळ्यात साखळी, पायांत पांढरे बूट. प्रभाकररावांना वाटलं, आता मारामारी. पण शेठ सोफ्याच्या कडेवर बसले आणि पाणी मागून घेतलं.

"सायेब, आमी भांडाया नाय आलो. पोरगा वाचला, देव पावला. पन लगीन तोंडावर हाय, गावात नको ते बोलतात. काय तरी इलाज काढा."

"इलाज आहे," कमळाकरराव म्हणाले. ते बोलावल्याशिवायच हजर होते. "मनिषाने अपूर्वला राखी बांधायची. विषय संपला."

खोलीत एकदम मोकळं वाटू लागलं. तुळशीरामशेठनी मांडीवर थाप मारली. "ब्येस! पोरीला भाऊ नाय, नुसत्या बहिनी. लग्नात नवऱ्याचा कान कोन पिळनार म्हनून बापाला घोर लागला व्हता. हा पिळंल की!"

प्रभाकररावांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. जात, गाव, पैसा, शिक्षण, सगळे भेद त्या क्षणी गळून पडले. राष्ट्रीय एकात्मता मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

अपूर्वला कुणी विचारलं नाही. त्याला सांगण्यात आलं. "बाबा, मला नाही जमणार," तो म्हणाला. प्रभाकरराव म्हणाले, "सवय होईल. नंतर हसशील." मी म्हटलं, आधी त्याला डॉक्टरांकडे नेऊ, हा घाट घालू नका, पोराला सोसणार नाही. "तुला संसाराचा अनुभव नाही," मेहुणे म्हणाले. हे मात्र खरं होतं.

रविवारी तुळशीरामशेठ बायकोला, हितेशला आणि मनिषाला घेऊन आले. राखी पौर्णिमा फार लांब होती, दुकानात राखी मिळेना, म्हणून कमळाकररावांनी सत्यनारायणाच्या सामानातला लाल दोरा आणला. अरुंधतीने आतल्या खोलीतच पाट मांडला. अपूर्व त्यावर बसला. तो इतका बारीक झाला होता, की शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

मनिषा हसऱ्या चेहऱ्याची, धीट मुलगी. तिने ओवाळलं, दोरा हातात घेतला आणि थांबली. "आत्या, मी यांना आज पयल्यांदाच बघते. साखरपुड्याला पन हे नव्हते," ती सासूला म्हणाली. "यांनी तरी मला कधी बघितलं?"

मला वाटलं, आता तरी कुणी विचार करील.

"तेच तर!" कमळाकरराव म्हणाले. "एकतर्फी! एकतर्फी फार वाईट."

म्हणजे पुरावा मिळाला तर सिद्धान्त खरा आणि नाही मिळाला तर प्रेम एकतर्फी. या सिद्धान्ताला मरण नव्हतं. मरणार होतं ते पोर.

हितेश दाराजवळ उभा होता. मोटारसायकलची किल्ली तो सारखी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता. दोरा बांधून झाल्यावर बापाने त्याला पुढे ढकललं. "जा रं, मेव्हन्याला भेट." हितेशने हात पुढे केला. अपूर्वने तो धरला नाही. हितेशचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग तो म्हणाला, "लग्नाला येऊ नको. नाय आलास तरी चालंल."

त्या खोलीत अपूर्वच्या भल्याचं जे एकमेव वाक्य बोललं गेलं, ते हे होतं. तुळशीरामशेठनी लगेच ते दुरुस्त केलं, "गप रं! भाऊ हाय तिचा, तो नाय येनार तर कोन येनार?" आणि सगळे पेढ्यांकडे वळले.

पाहुणे गेले. प्रभाकरराव त्यांना पोचवायला कमळाकररावांबरोबर खाली उतरले. त्यांचं हसणं जिन्यातून वर येत होतं. अपूर्व अजून पाटावरच होता. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. काही बोलणार, तेवढ्यात तो आईला म्हणाला,

"आई, ती मनिषा नव्हती."

अरुंधती निरांजन उचलत होती. तिने ते परत खाली ठेवलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तो हॉर्न वाजवायचा तेव्हा तुझा चेहरा कसा व्हायचा, ते मी रोज बघत होते." मग ती भराभर बोलू लागली. "मला ते कळत नाही, अपूर्व. आवडत तर मुळीच नाही. मनिषा असती तर किती बरं झालं असतं, म्हणून मीही सगळ्यांबरोबर तेच धरून बसले. पण पुन्हा तसं करणार नाहीस ना?"

"माहीत नाही," अपूर्व म्हणाला.

दवाखान्यापासून त्या घरात झालेलं हे पहिलं सरळ उत्तर. अरुंधतीने त्याला गप्प केलं नाही. ती पाटासमोर बसली.

"मग तसं वाटलं की आधी मला उठवायचं. कधीही. आणि काय वाटतं ते सांगायचं. मला आवडो, न आवडो."

"सगळं?"

"सगळं. आणि तू लग्नाला जायचं नाहीस. उद्या मी आणि तुझी मावशी तुला मुंबईच्या त्या डॉक्टरकडे नेतो."

तो खाली मान घालून बोलायला लागला. मी उठले, बाहेरच्या खोलीत येऊन दार ओढून घेतलं आणि कडीला हात लावून उभी राहिले.

प्रभाकरराव वर आले. चेहऱ्यावर विजय होता. "छान झालं नाही सगळं? अरुंधतीला चहा टाकायला सांग."

"ती कामात आहे," मी म्हटलं.

"कसल्या कामात?"

"अपूर्वशी बोलते आहे."

"त्यात काय एवढं? सरक की."

"नाही," मी म्हटलं. "चहा आज तुम्हीच टाका. मलाही टाका."

आतून अपूर्वचा आवाज येत होता, मधूनमधून थांबत, पण येत होता. बऱ्याच वेळाने प्रभाकररावांनी स्वयंपाकघरातून विचारलं, साखर कुठल्या डब्यात असते.