पाच तलावांचं एक फंक्शन

चामोर्शी तालुक्यातल्या एका मच्छीमार संस्थेने वेबसाइट करायच्या आधीच ठराव केला होता: प्रत्येक तलावाचं फंक्शन त्याच तलावाच्या पानात राहील. फंक्शन म्हणजे काय, हे सभेत कोणी विचारलं नाही. दुसऱ्याला मिळतं ते आपल्यालाही मिळावं, एवढं मात्र सगळ्यांना पटलं.

साइट करणाऱ्या ज्योत्स्नाने ठराव पाळला. आज कोणती मासळी निघणार हे दाखवणारं एक फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, तिने पीएचपी या संगणकी भाषेत लिहिलं आणि पाचही तलावांच्या पानांत जसंच्या तसं चिकटवलं. पानं वेगवेगळी उघडली की झकास चालायची.

आज सभेसाठी तिने पाचही पानं मुखपृष्ठावर एकत्र जोडली आणि पडदा पांढराफटक पडला. वर इंग्रजीत एक ओळ, तिचा मतलब असा की हे फंक्शन एकदा लिहून झालंय, परत लिहिता येत नाही. साडेदहा वाजले होते. अकराला साइट चालली नाही तर काम नागपूरच्या कंपनीला, असं अध्यक्ष मनसारामभाऊंनी सांगूनच ठेवलं होतं.

"काऊन वं, तोंड काऊन उतरलं?" आठवडी बाजारात चाळीस वर्षं मासळी विकणाऱ्या चंदाबाईंनी विचारलं. त्या चहासाठी लवकर येत.

"बाई, एकच चीज पाच जागी ठेवली. मशीन आयकत नाई."

"कशी आयकन? मोठं जाळं पाच घरी ठेवते का कोनी? समाजमंदिरात एकच रायते. ज्याची पाळी, तो तलावाचं नाव सांगते अन् घेऊन जाते."

हे ज्योत्स्नाला कॉलेजातच शिकवलं होतं. नव्हती ती ठराव मोडायची हिंमत. ती सभेच्या खुर्च्या लावून घेणाऱ्या अध्यक्षांकडे वळली.

"मनसारामभाऊ, फंक्शन एकाच सामायिक फाइलीत ठेवू का? जाळं ठेवतो तसं?"

भाऊंनी चष्मा पुसला. "जाळ्यासारखं असन तं ठरावात बसते."

मग तिची बोटं थांबेनात. पाच पानांतून फंक्शन उपटलं, एका फाइलीत टाकलं, ती फाइल मुखपृष्ठाला सुरुवातीलाच एकदा जोडली. पानांत उरली एकेक ओळ: फंक्शनला हाक मारायची, कंसात तलावाचं नाव द्यायचं. दीडशे ओळी गेल्या. अकराला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर पाचही तलाव झळकले, रोहू-कतल्यासकट.

मग खालच्या तलावाचा धनराज उठला.

"आमचा तलाव शेवटी काऊन?"

झालं, सगळेच उठले. ज्योत्स्ना मात्र हसत होती. पाच हाका होत्या, त्यांचा क्रम बदलायला कितीसा वेळ?

"धनराजभाऊ, जाळ्यासारखी याची पन पाळी लावतो. उद्या तुमचा पयला."

"हे नागपूरवाल्याले जमन का?" मनसारामभाऊंनी विचारलं.

"त्याले खालचा तलाव कोनता, हेच मालूम नाई," चंदाबाई म्हणाल्या.

पाळी फिरवायचं काम, आणि त्यासोबत साइटही, ज्योत्स्नाकडे राहील असा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच धनराजने अर्ध्या तालुक्याला फोन लावले. साइटवर खालचा तलाव वर आला होता.