झाकणावरचा नंबर

मी एक जुना, हलक्या किमतीचा फोन आहे. माझ्या कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तिलाही माझी आठवण नसेल. एकाच नावाचे हजारो फोन तिने बाजारात सोडले आणि आत मात्र ज्या महिन्यात जो सुटा भाग स्वस्त मिळाला, तो कोंबला. बाहेरून आम्ही जुळे, आतून परके. मित्रांनो, माझं वाटोळं ह्याच कारणाने झालं.

म्झुझू शहराच्या बाजारात तोवेला आणि तिची धाकटी बहीण तिवोंगे ह्यांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी घेतलं. मी लाल, माझा जोडीदार निळा. दोघी बहिणी चर्चच्या गायनमंडळात होत्या. तिवोंगे लग्न होऊन दूरच्या करोंगा गावी निघाली, तेव्हा दोघींनी आमची मागची झाकणं आपसांत बदलून घेतली. मंडळातल्या बायकांची ही रीतच आहे. एक लांब गेली की तिचा रंग दुसरीच्या हातात राहतो. त्या दिवसापासून मी निळं झाकण मिरवत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं कौतुकही होतं.

तोवेला गाणी रचायची. तिला लिहिता येत नव्हतं. चुलीवर सीमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घोटता घोटता चाल सुचली की हात पुसून मला उचलायची आणि माझ्यात गायची. अशी सव्वीस गाणी जमली. मेमरी कार्डाची खाच पहिल्याच वर्षी मोडली होती, त्यामुळे ती सगळी माझ्या पोटातच राहिली. पुढे तोवेलाच्या गळ्याला गाठ आली. शस्त्रक्रियेत जीव वाचला, आवाज गेला, मागे फक्त घोगरी कुजबुज उरली. मग दर शनिवारी बायका मला मधोमध ठेवून माझ्याकडून गाणी शिकू लागल्या. माझी केवढी ऐट होती तेव्हा!

एकदा अर्धवट अपडेट होऊन मी बिघडलो. पडद्यावर कंपनीचं चिन्ह यायचं आणि गाडी तिथेच अडायची. तोवेलाने मला बस-स्टँडवर, छत्रीखाली दुकान मांडणाऱ्या लुसुंगूकडे नेलं.

"दादा, माझी गाणी आहेत रे आत," ती कुजबुजली. "त्यांना धक्का लागू देऊ नकोस."

"काय ताई, लुसुंगूला शिकवता होय? नवीन सॉफ्टवेअर मारतो, गाणी जागच्या जागी. जा, मासळी घेऊन या तोवर."

त्याने निळं झाकण काढलं, त्याच्या आतल्या चिठ्ठीवरचा, फोनमध्ये कुठले भाग आहेत ते सांगणारा नंबर वाचला आणि कॉम्प्युटरवर तोच शोधला. बॅटरीखाली माझ्या अंगावर माझा खरा नंबर छापलेला होता, तिकडे त्याने पाहिलंच नाही. तिवोंगेच्या फोनचं सॉफ्टवेअर माझ्यात ओतलं आणि पडदा काळाठिक्कर पडला.

तेव्हा कुठे त्याने बॅटरी उचलली. "आयला! झाकणच दुसऱ्याचं!"

मित्रांनो, अजूनही काही बिघडलं नव्हतं. सव्वीसच्या सव्वीस गाणी शाबूत होती. दोन दुकानं सोडून बसणाऱ्या म्हातारबा म्वेनिफुम्बोंकडे आतला माल जसाच्या तसा उतरवून घेणारं यंत्र होतं. त्यांच्याकडे गेला असता तर त्यांनी चार शब्द सुनावले असते आणि काम करून दिलं असतं. पण त्यांच्यापुढे मान खाली घालायची लुसुंगूला लाज वाटली. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि 'सगळं पुसून नव्याने टाका' ह्यावर बोट ठेवलं. मला ओरडता येत नव्हतं. एकेक गाणं जात होतं.

तोवेला परतली तेव्हा मी लखलखत होतो.

"बघा ताई, नवाकोरा!"

तिने मला हातात घेतलं, गाण्यांची जागा उघडली. मग पुन्हा उघडली.

"गाणी कुठायत रे?"

"अहो, बिघाडच मोठा होता. मशीन वाचलं ते नशीब समजा."

"आत होती ना पण..."

"पुन्हा गा की ताई, त्यात काय एवढं!"

तोवेलाने मला पिशवीत टाकलं आणि ती चालू लागली. त्याने तिचा आवाज ऐकला होता, तरी असं बोलला. माझ्या मनातली ती अढी आजही सुटलेली नाही.

घरी तिने एकदा मला तोंडाशी धरून गाऊन पाहिलं. ऐकलं, आणि स्वतःच्या बोटाने पुसून टाकलं. आता ती मला टॉर्च म्हणून वापरते. अंधारात मी तिला वाट दाखवतो, ह्यापलीकडे माझा काही उपयोग उरलेला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या पोटात हात घालण्याआधी आतल्या गोष्टींची एक प्रत काढून ठेवा. बॅटरी पूर्ण भरा. नंबर आमच्या अंगावरचा वाचा, झाकणावरचा नको. आणि एवढं करूनही चूक झालीच, तर तिथेच हात थांबवा आणि कुणाला तरी सांगा. लुसुंगूने त्या दुपारी तोंड उघडलं असतं, तर तोवेला आज गात असती. निदान माझ्यात तरी.