गाडी ओके शे

पाचोरा डेपोतून रिटायर झालेल्या भाईदास नानांचा आठवडा खरं तर एकाच दिवसाचा होता, रविवारचा. बाकीचे सहा दिवस नुसते ढकलायचे. शनिवारी संध्याकाळी लेक प्रज्ञा धुळ्याहून यायची, तिथल्या कॉलेजात ती शिकवायची. रविवारी सकाळी, इंजिन थंड असतानाच, नाना तिच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडायचे. आधी ऑइलची पट्टी, मग इंजिन थंड ठेवणारं कूलंट, मग ब्रेक ऑइल, शेवटी वायपरचं पाणी. सगळं झालं की बॉनेटवर दोनदा थाप मारून म्हणायचे, "गाडी ओके शे." बत्तीस वर्षं एसटी चालवली, आणि त्यांनी ओके म्हटलेली गाडी रस्त्यात कधी उभी राहिली नाही. निदान ते तरी तसं सांगायचे, आणि उलट बोलायची घरात कोणाची टाप नव्हती.

होळीपासून मात्र एक गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं होतं, आणि जवळचं तर काहीच धड दिसेना. ऑइलची पट्टी ते बोटानं चाचपून बघायचे, तेवढं जमत होतं. पण कूलंटच्या पांढऱ्या डब्यावरच्या रेघा काही बोटाला लागत नाहीत. मग काय, अंदाजानं थोडं ओतायचं आणि ओके म्हणायचं. खरं सांगितलं असतं तर प्रज्ञा म्हणाली असती, राहू द्या नाना, गॅरेजवाल्याकडून करून घेते. मग नानांना रविवारीही काही काम उरलं नसतं.

त्या रविवारीही थाप मारून, हात धुऊन नाना ओट्यावर चहाला बसले.

"नाना, वायपरच्या पाण्यात तुम्ही टाकता तरी काय?" प्रज्ञा हसत म्हणाली. "काल पारोळ्याजवळ काच धुवायला गेले, तर हिरवं चिकट पाणी उडालं. समोरचं दिसेना. शेवटी गाडी कडेला घेतली आणि ओढणीनं पुसलं."

"शाम्पू टाकत व्हतीन!" प्रज्ञाची आई, केसरबाई, आतून म्हणाल्या. "गाडीवर भलती माया शे तेस्नी."

नानांना हसू आलं नाही. हिरवं म्हणजे कूलंट. दोन पांढरे डबे, शेजारी शेजारी. दीड महिना आपण पाणी आणि कूलंट दोन्ही वायपरच्याच डब्यात ओततोय, आणि खऱ्या डब्यात थेंब नाही. जुनी गाडी, कूलंट खाणारी. एप्रिलचं ऊन, पारा त्रेचाळीसवर. आणि ही पोर बापावर भिस्त ठेवून दर आठवड्याला त्या रस्त्यानं एकटी येत-जात होती.

पहिला विचार आला तो काही शहाण्या माणसाचा नव्हता. गुपचूप जाऊन निस्तरून टाकावं. "जरा गाडी दखी येस," असं पुटपुटून ते उठले. बॉनेट उघडलं, कूलंटची बाटली घेतली, चुकलेला डबा सोडून दुसऱ्याच्या झाकणाला हात घातला. डबा बदलणं अवघड नव्हतंच. पण तेवढ्यात आठवलं, ब्रेक ऑइलची रेघही दीड महिना कोणी पाहिलेली नाही. ब्रेक म्हटल्यावर मात्र नानांचा हात थांबला. आपला मान मोठा की पोरीचा जीव, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"प्रज्ञा!"

ती बाहेर आली.

"माले दिसत नही, बेटा. रेघ दिसत नही, ना कूलंटनी, ना ब्रेक ऑइलनी. मी खोटंच ओके म्हनी ऱ्हायनू."

कॉलेजात शुद्ध बोलणाऱ्या प्रज्ञाच्या तोंडून घरातलीच बोली निघाली. "कव्हयपाईन?"

"होयीपाईन." होळीपासून, म्हणजे दीड महिना झाला.

ती चिडली. चिडायलाच हवं होतं. "हायवेवर मला काही झालं असतं तर, नाना?"

"बोल. आखो बोल," नाना म्हणाले. पण तिनं बाह्या वर सारल्या.

मग तीच वाकली. कूलंटचा डबा कोरडा ठणठणीत होता. ब्रेक ऑइल रेघेच्या जेमतेम वर, नशीबच म्हणायचं. नाना सांगत गेले, ती करत गेली. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघड. गळ्यापर्यंत भर. डब्यात वरच्या रेघेपलीकडे जाऊ देऊ नको. वायपरचा डबा रिकामा करून धू. सगळं झाल्यावर बॉनेट तिनंच लावलं, थाप कोणी मारली नाही.

"उद्या माझ्याबरोबर धुळ्याला यायचं," ती म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

सोमवारी लेकीच्या गाडीत नाना डावीकडे बसले. भडगाव गेलं, पारोळं मागे पडलं, ऊन चढलं. समोर तापमानाचा काटा होता, पण नानांना तिथे नुसता काळा गोल दिसत होता.

"काटा कोठे शे?"

"मधोमध, नाना."

जरा वेळानं परत विचारलं.

"मधोमधच आहे."

तिसऱ्यांदा विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. स्वतःला दिसत नसताना दुसऱ्याच्या शब्दावर बसून राहणं इतकं जड असतं, हे बत्तीस वर्षांत त्यांना कधी कळलं नव्हतं. लेकीनं मात्र दीड महिना तशीच गाडी चालवली होती, आणि नानांना एकदाही फिरून विचारलं नव्हतं.