काजऱ्याचा दांडा

मुनीबला त्यांनी माडाला बांधला होता, तोही त्याच्याच जाळ्याच्या दोरीनं. एक डोळा सुजून पार मिटला होता, खालचा ओठ फाटून रक्त छातीवर ओघळत होतं. सुशांत परब ओल्या काठीनं मारत होता. तो दमला की दुसरा कोणीतरी पुढे व्हायचा. मिठबावच्या किनाऱ्यावर चैताचं ऊन असं तापलेलं, की वाळू पायाला चटके देत होती. पण वीस-पंचवीस माणसांतलं एकही तिथून हलत नव्हतं.

गणपत मेस्त्री धापा टाकत आला, तो हातातला रंधा तसाच घेऊन. त्याला बोलावणं धाडलं होतं गुरुदास दुकानदारानं. "जीव घेवच्या आदी मेस्त्रींक तरी इचारा," एवढंच तो म्हणाला होता आणि सुशांतला ते सगळ्यांदेखत मोडता आलं नव्हतं.

झालं होतं ते असं. सुशांतचा बाप दाजी परब सकाळी काजूच्या बागेत रक्ताच्या थारोळ्यात सापडला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. जबडा मोडलेला, शब्द फुटत नव्हता. त्याला गाडीत घालून कणकवलीला नेलं. तो पडला होता तिथंच एक हातभर मोडका दांडा सापडला. आदल्या दिवशी खाडीकडे जाणाऱ्या वाटेवरून दाजीचं आणि मुनीबचं चारचौघांत वाजलं होतं. बस, तेवढं पुरलं. होडी वाळूवर ओढत असतानाच मुनीबला धरलं.

"ह्यो बघा, मेस्त्रीनू," सुशांतनं तुकडा पुढे केला. "उंडीचा लाकूड. ह्येच्या वल्ह्याचो दांडो. तुमी फकत होय म्हणा, मगे आमी बघतंव ह्येका."

"मिया मारूक नाय, गणपतकाका," मुनीबच्या तोंडातून रक्ताबरोबर शब्द आले. "माजी दोनव वल्ही होडयेत आसत. बघा जावन."

"गप रे मेल्या!" काठी त्याच्या तोंडावरच बसली. एक दात वाळूत पडला.

"सुशांत!" गणपत ओरडला. "परत हात उचललंस तर मी एक शब्द बोलूचंय नाय."

तो वाळूतच उकिडवा बसला. तुकडा रक्तानं, घामानं, जुन्या तेलानं काळा पडला होता. वरवर बघणारा उंडीच म्हणाला असता. गणपतनं तो तळहातावर तोलला. जड होता, उंडी अशी हाताला ओढत नाही. मग तुकडा गुडघ्याखाली दाबून त्यानं त्यावर रंधा फिरवला. काळी साल निघाली आणि आत उंडीची लाली दिसेना. पिवळट राखाडी रंग, घट्ट विणलेले तंतू. वास घेतला, वास नव्हता. शेवटी त्यानं एक कपची जिभेवर ठेवली.

कडू! कारल्याचं नाही की कडुनिंबाचं नाही. घशापर्यंत जाऊन बसणारं कडू. तो पचकन थुंकला.

हे कडू त्याच्या ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी वादळात परबांच्या गोठ्यामागचा जुना काजरा पडला. विषारी झाड, गावात त्याचं लाकूड कोणी चुलीतसुद्धा घालत नाही. पण दाजी म्हणाला, "फुकट कित्याक घालवचा? वाळवी लागना नाय तेका." गणपतनं त्यातून एकच दांडा काढला होता. बाकीचं लाकूड पोकळ निघालं. दांडा सुशांतच्या नव्या टिकावाला बसवला.

मान खाली घालून "उंडी" म्हटलं असतं, तर तो जेवायच्या वेळेला घरी पोचला असता. दाजी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. सुशांतच्या बारशाचा पाळणासुद्धा त्यानंच केलेला. गणपतनं वर बघितलं. मुनीबचा उघडा डोळा त्याच्यावर खिळला होता.

"उंडी न्हय," तो उठत म्हणाला. "काजरो आसा ह्यो."

माणसं कुजबुजली. सुशांत हसला, पण चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "काय बरळतास, मेस्त्रीनू? ऊन लागला काय?"

"तुझो टिकाव खंय आसा, सुशांत?"

"घराक आसा."

"मगे हाड बघया," गुरुदास म्हणाला. "दांड्यासकट हाड. काल बाग इकूच्यावरसून बापाशीक काय बोललंस, ता माझ्या दुकानापर्यंत आयकाक इला."

बाजूच्या माणसाच्या कमरेला कोयता लटकत होता. तो सुशांतनं कधी उपसला आणि गणपतवर उगारला हे कोणाला कळलंच नाही. गणपतनं रंधा धरलेला उजवा हात आडवा घातला. लाकडावर घाव बसावा तसा टक् आवाज झाला. रंधा खाली पडला आणि त्याच्या शेजारी दोन बोटं.

मग गर्दी फिरली. तीच काठी, तेच हात. मघाशी मुनीबला मारायला पाळी लावणारे आता सुशांतवर तुटून पडले. गणपत पंचा हाताला आवळून ओरडत होता, "सोडा रे, मरात तो!" कोण ऐकतो? सुशांतचा पाय मोडलेला ऐकू आला, तेव्हा कुठे हात थांबले. तेवढ्यात गणपतची बायको नर्मदा धावत आली. नवऱ्याच्या हातावरचा पंचा तिनं घट्ट आवळला. माडाला बांधलेल्याचा मात्र सगळ्यांना विसर पडला होता. ती मुनीबकडे वळली, ओल्या दोरीची गाठ दातांनी सोडवली आणि गर्दीकडे बघून म्हणाली, "शिरा पडो तुमच्या मर्दपणार!"

पंधरा दिवसांनी दाजी आला. जबडा तारांनी बांधलेला. त्यानं खिशातून कागद काढून गणपतपुढे धरला. 'बागेच्या गडग्यावरून पडलंय म्हणून सांगितलंय पोलिसांक. तूय कोयतो चुकान लागलो म्हण. सुशांत एकच झील आसा माका.'

"तुका म्हाईत हुता?" गणपतनं विचारलं. "वार केल्यान तेव्हा तोंड बघितलंस तेचा?"

दाजीनं मान हलवली. होय.

"आनी मुनीबाचा नाव सगळे घेय हुते, तेव्हा गाडयेत डोळे मिटून रवलंस?"

दाजीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. गणपतनं कागदाची घडी करून त्याच्या खिशात परत ठेवली. "जा, दाजी. घराक जा."

दुसऱ्या दिवशी तो मुनीबला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. साहेबानं फिर्याद लिहून घेतली आणि पेन थांबवलं. "दाजी परब तुमचे मित्र ना? ते म्हणतात पडलो. मग खोटं कोण बोलतंय?"

"बाप आहे तो, साहेब," गणपत म्हणाला. "मी सुतार. लाकडाबद्दल खोटं बोललो, तर मला कामाला कोण बोलावील?"

गणपतचा उजवा हात पट्टीत होता. कागद सरकू नये म्हणून मुनीबनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला. गणपतनं डाव्या हातात पेन घेतलं आणि फळीवर रेघ मारावी तसं, जोर देऊन, एकेक अक्षर करत आपलं नाव लिहिलं.