पंजाबरावचं विमान अन् पन्नास महिने

राकेलसाठी भांडनाऱ्या चाळीस लोकांच्या रांगेत एक दिवस उभे राहून पाहा, मंग मले शिव्या द्या! मी कडूबा, गावातला राशन दुकानदार. त्र्याहत्तर सालची टंचाई होती. कार्डामागं महिन्याले दोन लिटर, तेबी आलं तं आलं.

अशात पंजाबराव नागपुरातून विमानात बसून दिल्लीले जाऊन आला. राहे बुलढान्यात, बिजलीच्या उजेडात. शेती अन् राशन कार्ड मात्र आमच्या गावात. दुकानाम्होरं उभा राहून सांगे, "अबे, विमानात काय भरते, ठाऊक हाये? राकेलच!" रांगेतले लोक आपापल्या रिकाम्या शिशीकडं पाहत.

तो गेल्यावर मोतीराम मास्तरानं खडू घेतला. विमान किती पेते, आत मानसं किती, सारं भिंतीवर मांडलं. पंजाबरावच्या एकट्याच्या वाट्याले जाऊन-येऊन शंभर लिटर निघालं.

"म्हंजे पन्नास महिन्यांचं राकेल!" मी वरडलो. "पन्नास महिने त्याच्या कार्डावर थेंब नाई!"

लोकाइनं टाळ्या पिटल्या. काय मस्त वाटलं म्हनून सांगू!

पन त्या कार्डावर राकेल नेत होती त्याची विधवा भावजय, सत्यभामाबाई. दुसऱ्या दिवशी ती शिशी घेऊन आली.

"कडूबाभाऊ, विमानात मी बसली काय? माह्या सिंधूची म्याट्रिक हाये मार्चात. दिवसा कापूस वेचाले जाते पोरगी, सांजीले दिव्यापाशी वाचते. नापास झाली तं भावजी तिले कोन्या बिजवराले देऊन टाकतीन."

"कार्ड कोनाचं हाये?"

मास्तर मधात आला. "अरे, म्या नुसतं गनित मांडलं होतं. बाईले काऊन शिक्षा?"

"गनित खोटं हाये काय?"

"नाई," म्हनला, अन् मान खाली घातली.

तिचे दोन लिटर म्या तिच्या डोळ्यांदेखत रांगेत वाटले. कोनीच नको म्हनलं नाई. मास्तरानंबी शिशी म्होरं केली.

सिंधू नापास झाली. पंजाबरावनं लोनारचा चाळिशीतला बिजवर पाह्यला, अन् लग्नाच्या आदल्या दिवशी स्वतः दुकानात आला.

"कडूबा, पेट्रोमॅक्सच्या दहा बत्त्या लावाच्या हायेत. वीस लिटर दे."

म्या डबा काठोकाठ भरला. त्याच्या तोंडावर नाई म्हनाची हिंमत कोनात होती? लाज वाटली मले, खरंच वाटली. पन डबा खांद्यावर घेऊन मांडवात मीच पोचवला.

सांजीले बत्त्या पेटल्या. एवढा लख्ख उजेड पडला, की सिंधूचं रडनं पार मागच्या पंगतीतूनबी दिसत होतं.